केसाची साक्ष

32.2, मग 3.7, मग 0.36. एका जुन्या तक्त्यात हे आकडे वरून खाली उतरत जातात. एक ग्रॅम केसात किती मायक्रोग्रॅम सेलेनियम सापडलं, एवढंच ते सांगतात. तरीही गेल्या काही महिन्यांत मी ते पुन्हा पुन्हा वाचले आहेत. त्याचं कारण माझ्या जिल्ह्यात आहे. 2024 चा डिसेंबर संपता संपता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका मुठीत यायचा आणि काही दिवसांत टक्कल पडायचं. म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत, बायामाणसांसकट कुणीच सुटलं नाही.

गावांमध्ये पथकं आली. पाणी, रक्त, लघवी, केस, टाळूची कातडी असे नमुने घेतले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञही येऊन गेले. पहिला संशय पाण्यावर गेला आणि तो स्वाभाविक होता. हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. इथल्या माणसाला पाणी तोंडात घेतल्याबरोबर विहीर कोणती ते कळतं. पण नमुना दिल्यानंतर गावकऱ्याच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही उरत नाही. आपल्या शरीराचा एक तुकडा थर्माकोलच्या डब्यात बसून दूरच्या शहरात जातो आणि तिथे आपल्याविषयी काहीतरी बोलतो. तो काय बोलतो, कसा बोलतो आणि त्याचं बोलणं खरं राहावं म्हणून वाटेत कोणाला काय जपावं लागतं, हे समजून घ्यावंसं वाटलं तेव्हा मी त्या जुन्या तक्त्यापाशी आलो. तो तक्ता ज्या शोधनिबंधातला आहे, त्याचं हे रसग्रहण.

निबंध मे 1983 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन' या नियतकालिकात आला. लेखक यांग ग्वांगची आणि त्यांचे तीन सहकारी. जेमतेम दहा पानांचा मजकूर. शीर्षकाचं मराठी करायचं तर 'चीनमधील माणसांना झालेली सेलेनियमची स्थानिक विषबाधा' असं होईल. या शीर्षकातले दोन शब्द मला थांबवतात. पहिला 'माणसांना'. तो वरवर अनावश्यक वाटतो, पण तोवर सेलेनियमची बाधा मुख्यतः जनावरांचा रोग म्हणून ओळखली जात होती. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गुरांचे खूर सडत, घोड्यांच्या आयाळी आणि शेपट्या झडत, त्या अनुषंगानं तिचा अभ्यास झाला होता. तेच आता माणसात दिसलं, हे लेखकांनी एका शब्दात सांगितलं. दुसरा शब्द 'स्थानिक'. रोग माणसाला झाला असला तरी तो वस्तीला आहे त्या ठिकाणी, हे निदान शीर्षकातच मांडलेलं आहे. निबंध पुढे ज्या वाटेनं जाणार, तिची दिशा इथेच ठरते. माणसाच्या डोक्यापासून सुरुवात करून तो शेवटी पायाखालच्या जमिनीत उतरणार आहे.

ठिकाण आहे हुबेई प्रांतातला एन्शी हा डोंगराळ भाग. रोग लक्षात आला 1961 मध्ये. 1961 ते 1964 या काळात तो सर्वांत जास्त पसरला होता. सर्वाधिक बाधित पाच गावांत मिळून 248 माणसं राहत होती आणि त्यांतली जवळपास निम्मी आजारी पडली. केस आणि नखं गळणं हे मुख्य लक्षण. मला या मजकुरात 248 हा आकडा फार बोलका वाटतो. 'सुमारे अडीचशे' असं म्हणता आलं असतं. पण मोजणारा प्रत्येक उंबरठ्यावर गेला आणि घरात किती माणसं आहेत हे विचारून आला, म्हणजे आकडा असा अवघड, खडबडीत होतो. शास्त्रीय लेखनातली आस्था अशीच दिसते. तिथे हळहळीचे शब्द नसतात. प्रत्येक माणूस मोजला गेला, हीच त्या लेखनातली आपुलकी.

आता तक्ता. त्यात माणसांचे वेगवेगळे गट एकाखाली एक उभे केले आहेत, त्यांतले चार इथे घेऊ. पहिल्या गटातल्या माणसांचे केस आणि नखं गेली. त्यांच्या पोटात अन्नातून दिवसाला सरासरी 4.99 मिलिग्रॅम, म्हणजे 4,990 मायक्रोग्रॅम सेलेनियम जात होतं. दुसरा गट जास्त सेलेनियमच्याच प्रदेशातला, पण निरोगी. त्यांच्या पोटात सरासरी 750 जात होतं. तिसरा गट बीजिंगसारख्या साधारण प्रदेशातला, 116. आणि चौथ्यात अवघं 11. या चौथ्या गटात लोकांना केशान नावाचा हृदयाचा आजार होई. चीनच्या ईशान्येकडच्या एका तालुक्यावरून त्याचं नाव पडलं, आणि तो सेलेनियमच्या अभावाशी जोडलेला आहे. म्हणजे एकाच देशात, एकाच द्रव्यापायी, कुठे माणसं जास्त मिळाल्यामुळे पीडित होती तर कुठे न मिळाल्यामुळे.

ही मांडणी शास्त्रज्ञाची आहे, पण तिच्यात रचनेची मोठी जाण आहे. आजारी आणि निरोगी असे दोनच गट शेजारी ठेवले असते तर वाचणाऱ्यानं सेलेनियमला विष ठरवून पान मिटलं असतं. चौथी ओळ ते होऊ देत नाही. 1817 मध्ये बर्झेलियसनं हे मूलद्रव्य शोधलं आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याला सेलेनियम म्हटलं, कारण पृथ्वीचं नाव टेल्युरियमला आधीच दिलेलं होतं. चंद्राचं नाव त्याला शोभतं. या तक्त्यात ते कलेकलेनं कमी होत जातं आणि दोन्ही टोकांना माणसाला त्रास आहे. पण तक्त्याचा खरा प्राण मला दुसऱ्या ओळीत दिसतो. 750 मायक्रोग्रॅम हे बीजिंगच्या माणसाच्या सहापटीहून जास्त आहे, तरी या लोकांचे केस डोक्यावर आहेत. म्हणजे शरीर बरंच सोसतं आणि सोसण्याची सीमा पहिल्या दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी आहे. यांग यांच्या गटानं पुढे त्याच भागात अभ्यास चालू ठेवला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2000 साली प्रौढांसाठी दिवसाला 400 मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा घातली, ती याच अभ्यासांवर टेकून. जगभरातल्या सेलेनियमच्या गोळ्यांच्या बाटल्यांमागे एन्शीच्या शेतकऱ्यांचं रक्त आणि केस उभे आहेत.

केसांचा स्तंभ मी सुरुवातीला सांगितला. रक्ताचा स्तंभही तसाच उतरत जातो: एक मिलिलिटरमध्ये 3.2, मग 0.44, मग 0.095, आणि शेवटी 0.021 मायक्रोग्रॅम. लघवीत पहिल्या गटाचा आकडा 2.68, तर साधारण प्रदेशातल्या गटाचा 0.026. इथे एक प्रश्न मनात येतो. सेलेनियम किती खाल्लं हे मोजायला एक रक्त पुरलं नसतं का? केस, रक्त, लघवी अशा तीन साक्षी कशाला?

उत्तर मराठी व्याकरणाच्या आधारानं चटकन समजतं. लघवी हा साधा वर्तमानकाळ आहे. काल-आज पोटात जे गेलं, त्यातलं नकोसं झालेलं शरीर तिच्यावाटे टाकतं. रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, गेल्या काही दिवसांचं बोलतो. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तिच्यात चार महिन्यांची नोंद राहते. आणि केस हा रीतिभूतकाळ. माणूस काय 'खात असे', ते केस सांगतो. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. टाळूजवळचा सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, त्यापुढचा त्याआधीचा. पायाच्या नखाची वाढ त्याहून संथ असल्यामुळे ते वर्षभरामागचं सांगू शकतं. तीन आकडे शेजारी ठेवले की खाण्याची सवय आणि कालचं जेवण यांतला फरक दिसू लागतो.

सेलेनियमचं केसाशी एवढं नातं का, हेही सुंदर आहे. रसायनात सेलेनियम गंधकाचं जवळचं भावंड. गव्हासारख्या धान्यात ते मुख्यतः एका अमिनो आम्लात गंधकाच्या जागी जाऊन बसतं. शरीराला ते अमिनो आम्ल आणि त्याचं मूळ रूप यांत भेद करता येत नाही, म्हणून प्रथिनं विणताना शरीर हे बदललेलं रूप सरळ वापरतं. केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात, त्यात गंधकाचे टाके फार महत्त्वाचे. त्या टाक्यांच्या जागी या भावंडाचा धागा आला की वीण सैल पडते, असं मानलं जातं. म्हणजे केस हा आजाराचा बळी आहे आणि आजाराची वहीसुद्धा. जे द्रव्य त्याला पाडतं, तेच त्याच्यात लिहून ठेवलेलं असतं.

पण वही पावसात भिजली तर तिच्यातलं अक्षर वाचता येत नाही. तक्त्यातल्या एका आकड्यामागे किती हातांची काळजी असते, हे कळल्याशिवाय त्याचा रस पुरता हाती लागत नाही, म्हणून थोडं थांबून त्या हातांकडे पाहू. केसाचा नमुना डोक्याच्या मागच्या भागातून, टाळूला अगदी लागून कापतात. बुडाकडची बाजू कोणती ते कळावं म्हणून त्या टोकाला दोरा बांधतात. बाजू उलटली की महिने उलटतात. मग केस कागदी पाकिटात कोरडे ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. केसाला बर्फ लागत नाही, डीप फ्रीझर लागत नाही. नमुन्यांमध्ये तो सर्वांत सोशिक. मात्र तपासण्याआधी तो धुवावा लागतो, आणि धुण्यातच मेख आहे. कमी धुतला तर बाहेरची धूळ मोजली जाते. जास्त धुतला तर आतलं द्रव्यही निघून जातं. म्हणून सर्व नमुने एकाच रीतीनं, ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या वेळा धुवायचे आणि ते लिहून ठेवायचं.

आणखी एक प्रश्न कात्री चालवण्याआधीच विचारावा लागतो: कोंड्याचा शॅम्पू लावता का? कोंड्यावरच्या काही शॅम्पूंमध्ये सेलेनियम सल्फाइड हेच औषध असतं. ते बाहेरून केसाला चिकटतं आणि धुऊन पुरतं जात नाही. हा एक प्रश्न विचारायचा राहिला तर पोटातून आलेलं आणि बाटलीतून आलेलं सेलेनियम एकाच आकड्यात मिसळतं. तीन साक्षींचं महत्त्व इथे दुसऱ्यांदा कळतं. केसाला शॅम्पू फसवू शकतो, रक्ताला नाही.

रक्ताच्या वेगळ्या अडचणी असतात. सूक्ष्म द्रव्यं मोजायची तर साधी ट्यूब चालत नाही. नेहमीच्या ट्यूबच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरू शकतं. म्हणून अशा कामासाठी गडद निळ्या बुचाच्या खास ट्यूब असतात. रक्त घेताना ओढाताण झाली किंवा ट्यूब बर्फाला थेट टेकली तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं सगळं प्लाझ्मामध्ये सांडतं. गोठवायच्या आधी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करायचे, कारण गोठताना पेशी फुटणारच. प्लाझ्मा एकाच मोठ्या नळीत न ठेवता चार-पाच लहान नळ्यांत वाटून उणे 80 अंशांवर ठेवायचा. तपासणीला एकच नळी वितळवावी लागते, बाकीच्या झोपलेल्या राहतात. वारंवार वितळणं आणि गोठणं नाजूक द्रव्यांना सोसत नाही. सोबत एक कोरा नमुनाही पाठवायचा. तीच ट्यूब, तोच प्रवास, फक्त माणसाच्या रक्ताच्या जागी शुद्ध पाणी. त्या कोऱ्या नळीत सेलेनियम सापडलं तर दोष माणसात नसून डब्यात आहे, हे कळतं. मला ही युक्ती फार आवडते. स्वतःच्या चुकीला बोलायला जागा करून देणारी ही एक रिकामी खुर्ची आहे.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम चयापचय तपासणाऱ्यांचं. सेलेनियम हे मूलद्रव्य आहे, ते ट्यूबमध्ये जन्मत नाही की मरत नाही. पण साखर, लॅक्टिक आम्ल, अमिनो आम्लं ही सतत बदलत राहतात, कारण नळीत आलेलं रक्त जिवंत असतं. पेशी तिथेही खातात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, रक्तातली साखर दर तासाला 5 ते 7 टक्क्यांनी घटते. ही गोष्ट मी घरातच शिकलो. माझ्या वडिलांचं उपाशीपोटीचं रक्त सकाळी आठला घेतलं गेलं आणि दुपारी दोनला तपासलं गेलं. मधले सहा तास ते एका मोटारसायकलच्या डिकीत होतं. साखर आली 98. पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. पुढच्या आठवड्यात तसंच रक्त पुन्हा घेऊन लगेच तपासलं तेव्हा ती निघाली 142. सहा तासांत त्यांच्याच पेशींनी साखरेचा जवळपास तिसरा हिस्सा खाऊन टाकला होता. कुणी खोटं बोललं नव्हतं. यंत्रानं जे पुढ्यात आलं ते अचूक मोजलं. पण पुढ्यात आलं ते आठ वाजताचं रक्त राहिलंच नव्हतं. तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आकड्याआधी दोन वेळा पाहतो, नमुना घेतल्याची आणि पोहोचल्याची.

ही नजर घेऊन यांग यांच्या निबंधाकडे परत आलं की त्यातली एक लहानशी कबुली मोठी दिसू लागते. रोजच्या आहारातल्या सेलेनियमचा अंदाज साथीचा जोर ओसरल्यानंतर काढलेला आहे, असं लेखक सारांशातच सांगतात. 4,990 हा सरासरी आकडा देतानाच ते त्याचं वय सांगून टाकतात. माणसं सर्वांत जास्त हाल सोसत होती तेव्हाचा हा आकडा नाही. त्या दिवसांत त्यांच्या पोटात काय जात होतं, ते याहून वेगळं असू शकेल. एवढा ठसठशीत निष्कर्ष हाती असताना त्याच्यावर स्वतःहून तारीख टाकणं हे धैर्याचं काम आहे. निबंधात एका अर्धांगवायू झालेल्या मध्यमवयीन बाईचा उल्लेख येतो. तिचा आजार आणि मृत्यू सेलेनियमशी जोडलेला दिसतो, एवढंच लेखक म्हणतात. दातांवर परिणाम झाल्याचं ते 'कदाचित'च्या आधारानं सांगतात. केस आणि नखांविषयी मात्र अशी सावध भाषा नाही. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे वाक्य ताठ उभं राहतं, जिथे पुरावा तोकडा आहे तिथे ते मान लववतं. चांगल्या गद्याची ही परीक्षा आपण ललित लेखनालाही लावतोच. इथे तिच्यावर माणसांचं आरोग्य अवलंबून आहे.

निबंधाचा सर्वांत रसाळ भाग म्हणजे कारणांचा उलटा प्रवास. केसात सेलेनियम आलं भाजी आणि मक्यातून. भाजी-मक्यात आलं जमिनीतून. जमिनीत आलं तिथल्या दगडी कोळशातून. त्या कोळशात ग्रॅमला सरासरी 300 मायक्रोग्रॅमहून जास्त सेलेनियम होतं, एका नमुन्यात तर 80,000 हून जास्त. कोळसा ऊन-पावसानं झिजत मातीत मिसळत गेला. पण मातीत असलेलं सगळंच पिकाला घेता येत नाही. तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेतात चुना टाकत होते आणि चुन्यानं सेलेनियम मुळांना घेता येईल अशा रूपात आलं. इथवर आलं तरी एक कोडं उरतंच. कोळसा युगानुयुगं तिथे होता, चुना पिढ्यान् पिढ्या पडत होता, मग रोग 1961 मध्येच का उफाळला? याचं उत्तर निबंध शेवटी देतो. पाऊस पडला नाही. भाताचं पीक बुडालं. माणसांना सेलेनियमनं भरलेली भाजी आणि मका जास्त खावा लागला, आणि प्रथिनांचं अन्न कमी झालं.

केसाच्या एका टोकाला धरून निघालेला शोध दुष्काळापाशी जाऊन थांबतो, हे वाचताना विदर्भातल्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. विषबाधेचं कारण शोधता शोधता हाती गरिबी लागली. भात असता तर मका एवढा खावा लागला नसता. शितावरून भाताची परीक्षा असं आपण म्हणतो. इथे केसावरून भाताची परीक्षा झाली, आणि तो भात ताटात नव्हता.

आता आमच्याकडे. महाडला विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. 18 गावांतल्या 279 जणांचे केस गेले होते. त्यांनी तपासून घेतलेल्या नमुन्यांत सेलेनियम रक्तात 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेलं होतं, आणि जस्त घटलेलं होतं. त्यांनी बोट ठेवलं ते पंजाबहून आलेल्या रेशनच्या गव्हावर. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या बाजूला काही ठिकाणी जमिनीत सेलेनियम फार आहे, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांपासून नोंदवलेलं आहे. गव्हाच्या या निष्कर्षावर पुढे वादही झाला. त्या वादात कुणाच्या बाजूनं उभं राहण्याआधी या तीन आकड्यांकडे यांग यांच्या तक्त्यातून आलेल्या नजरेनं पाहावं असं मला वाटतं.

एन्शीच्या आजारी माणसांच्या रक्तातला 3.2 हा आकडा बीजिंगच्या 0.095 च्या सुमारे 34 पट आहे. आमच्याकडे 35 पट. ही जुळणी पाहून क्षणभर दचकायला होतं. पण 'पट' या शब्दाला एक पाय जमिनीवर लागतो. कशाच्या पट? तुलनेला घेतलेली निरोगी माणसं कुठली, त्यांचं रक्त त्याच दिवसांत, त्याच ट्यूबमध्ये घेतलं होतं का? 150 पट म्हणताना केसाचा कुठला सेंटिमीटर मोजला, तो कसा धुतला, शॅम्पूचा प्रश्न विचारला होता का? जस्त घटलं म्हणताना ट्यूबचं बूच कोणत्या रंगाचं होतं? हे प्रश्न विचारणं म्हणजे शोधणाऱ्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. डॉ. बावसकरांसारखा गावोगाव फिरलेला डॉक्टर केस, रक्त आणि लघवी अशा तीन साक्षी घेतो, तेव्हा तोही यांग यांच्याच वाटेनं चाललेला असतो. कवितेतल्या प्रत्येक शब्दाला आपण 'हाच का?' असं विचारतो ते कवीवरच्या प्रेमानं. आकड्यालाही तसंच विचारावं.

या निबंधाची एक मर्यादाही आहे. त्यात आकड्यांमागची माणसं दिसत नाहीत. 248 जणांत कुणाचं लग्न केसांपायी मोडलं, कुणी पोर शाळेत जाईनासं झालं, हे त्यात नाही. ते त्या लेखनप्रकाराचं कामही नाही. पण आमच्या गावांत आम्ही ते पाहिलं. डोक्यावर पदर घट्ट ओढून बसलेल्या बाया पाहिल्या, उन्हातही टोपी न काढणारी पोरं पाहिली. म्हणून हा निबंध वाचताना माझ्या मनात दोन लेखनं शेजारी चालत राहिली, एक छापलेलं आणि एक पाहिलेलं. पहिल्यानं मला दुसऱ्याचा अर्थ दिला आणि दुसऱ्यानं पहिल्याला चेहरे दिले.

नमुना जपण्याची गोष्ट आमच्या जिल्ह्याला परकी नाही. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हाही बाटल्या भरून ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नेलं गेलं आणि मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असं उत्तर आलं. उत्तर येतं. पण ते त्याच नमुन्याला येतं, जो घेताना, लिहिताना आणि नेताना कुणीतरी मन लावलेलं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका लेबलवर वेळ लिहिते, आशाताई केसाच्या पाकिटावर गावाचं नाव घालते, गाडीवाला डबा उन्हातून काढून सावलीत ठेवतो. तक्त्यातला दशांश चिन्हानंतरचा आकडा त्यांचाही असतो.

माझी आजी विंचरून निघालेले केस कधी फेकत नसे. बोटाभोवती गुंडाळून ती त्यांचा गुंता करायची आणि भिंतीतल्या कोनाड्यात खोचून ठेवायची. केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की महिन्यांचे गुंते एकदम निघत. कोरडी जागा, सावली आणि एकाच माणसाचे केस, हे सगळं त्या कोनाड्यात आपोआप सांभाळलं जात होतं. 2025 च्या जानेवारीत आमच्या गावांमध्ये उशीवरचे केस भीतीनं झाडून उकिरड्यावर टाकले गेले, आणि त्यात चूक कुणाचीच नव्हती. पण एन्शीचा तक्ता वाचल्यापासून मला आजीचा तो कोनाडा वेगळा दिसतो. घरात काय खाल्लं जात होतं, कुठल्या साली पाऊस पडला नाही आणि ताटात भाताच्या जागी काय आलं, हे सगळं तिथे एका काळ्या-पांढऱ्या गुंत्यात लिहिलेलं होतं. वाचणारा तेवढा अजून यायचा होता.